सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपमध्ये सापडल्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय ५४ वर्षे, धंदा मोटार मेकॅनिक, राहणार धान्य गोदामामागची गल्ली, दुसरा मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. मला एकच मुलगी असून तिचे लग्न झाले आहे व तिला लहान बाळ आहे. माझे जावई आणि मी एकाच वर्कशॉपमध्ये कामाला आहोत. त्यांना तिथे मीच चिकटवले, सोयरीक नंतर जुळली. त्यांचा हात जलद असल्याने वर्कशॉपमध्ये त्यांना विमान म्हणतात. मला निवांतराव म्हणतात. दोन्ही नावे आमच्या पाठीमागे घेतली जातात, पण आम्हाला माहीत आहेत.

काल रविवारी दुपारी मी बंद वर्कशॉपच्या आत सापडलो. त्यावेळी पहारेकरी, मॅनेजर व हवालदार यांच्यासमोर मी असे सांगितले की, मी ग्राहकाच्या गाडीचा नवा वॉटर पंप चोरून नेत होतो. ते खोटे आहे. मी चोरी केलेली नाही. खरे काय ते आज सांगतो. काल तसे का बोललो तेही सांगतो, कारण हा जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार बाईंनी ते दोनदा विचारले आहे.

आमच्याकडे पूर्वी सर्वांना तासावर पगार होता. माणूस हजर आहे तोवर त्याचा तास चालू. एखादी गाडी अडून बसली तर नुकसान वर्कशॉपचे. दीड वर्षापूर्वी नवे मॅनेजर आले आणि त्यांनी उक्ती पद्धत आणली. तिच्यात प्रत्येक कामाला ठरावीक वेळ धरलेला असतो. ब्रेकच्या कामाला दोन तास धरले असतील, तर ते तासाभरात उरकणाऱ्यालाही दोन तासांचे पैसे मिळतात आणि चार तास लागले तरी दोनाचेच. म्हणजे गाडी अडली तर नुकसान मेकॅनिकचे.

जुन्या माणसांना निवड दिली होती. तासावर राहायचे असेल तर राहा, उक्त्यावर यायचे असेल तर या. मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावले आणि म्हणाले, "काका, तुमच्यासाठी तासच बरा. या वयात धावपळ कशाला?" ते चांगल्या मनाने म्हणाले होते. पण त्यावेळी जावई माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी नुकतीच उक्त्याला सही केली होती आणि पेन अजून त्यांच्या हातात होते. मी ते पेन मागून घेतले आणि मीही सही केली. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. जावयासमोर म्हातारा ठरायचे नाही, एवढेच त्यावेळी डोक्यात होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिले काही महिने कसेबसे निभावले. नंतर जमेना. माझे काम वाईट नाही, पण मला वेळ लागतो. गुडघा धरतो. गाडीखालून उठायला आधार लागतो. जवळचे बघायला चष्मा आणि लांबचे बघायला तो काढायचा, यातच वेळ जातो. पूर्वी कोणाचा बोल्ट अडला की आजूबाजूचे तिघे-चौघे आपोआप जमायचे. उक्ते आल्यापासून कोणी मान वर करत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याचा वेळ त्याच्या पोटाचा. मीसुद्धा कोणाकडे गेलो नाही.

त्यात मॅनेजरनी कामांचे वेळ कमी केले. ते म्हणाले, "आपल्यातला एक जण हे काम एवढ्या वेळात करतो, तर बाकीच्यांना का जमू नये?" तो एक जण म्हणजे माझे जावई. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. मी पाहिले नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन पत्नीला सांगितले की, जावयाचे कौतुक झाले.

माझा पगार घटला हे मी घरी सांगितलेले नाही. डॉक्टरने सांगितले म्हणून चहा सोडतो, असे म्हणून मी बाहेरचे खाणेपिणे बंद केले. मग मी रविवारी वर्कशॉपमध्ये जाऊ लागलो. मागच्या बाजूला गाड्या धुतात तिथल्या दाराची कडी पट्टी घालून वर करता येते. आठवड्यात अर्धवट राहिलेली गाडी मी रविवारी पुरी करायचो, म्हणजे सोमवारी ती वेळेत झाली असे दिसायचे आणि मला नवे काम घेता यायचे. त्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत, मिळण्याचा प्रश्नच नाही. सुट्टीच्या दिवशी आत येण्यास मनाई आहे, कारण गाडीखाली काही झाले तर बघायला कोणी नसते. हे मला ठाऊक होते. पत्नीला मी सांगायचो की रविवारी खास बोलावतात आणि जास्त पैसे देतात. ती हे शेजारी अभिमानाने सांगायची.

काल सकाळी मी नेहमीप्रमाणे गेलो. एका शिक्षक बाईंच्या पांढऱ्या गाडीचा वॉटर पंप बदलायचा होता. त्यांना गाडी सोमवारी हवी होती. जुना पंप काढताना एक बोल्ट तुटला आणि त्याचा तुकडा इंजिनात अडकून राहिला. तासावर असतो तर हा नुसता एक तुटलेला बोल्ट असता. मी तेल सोडले, वाट पाहिली, परत प्रयत्न केला. तुकडा हलला नाही. एरवी मी जेवायच्या आत घरी परततो. काल दुपार झाली तरी मी तिथेच होतो.

त्यावेळी मागच्या दाराची कडी वर झाल्याचा आवाज आला. आत आलेले माझे जावई होते. त्यांच्या अंगावर कामाचे जुने कपडे होते आणि हातात डबा होता.

इथे सांगणे भाग आहे की माझी मुलगी गेले काही महिने तिच्या आईकडे रडत होती. जावई रविवारी दुपारी घरी नसतात, मित्रांबरोबर खेळायला जातात, बाळाकडे बघत नाहीत, असे ती म्हणायची. मला त्यांचा राग होता. तोंडावर बोललो नाही, पण वर्कशॉपमध्ये डबा खाताना त्यांच्याशी बोलणे कमी केले होते.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मी हातातला पाना खाली ठेवला.  ते म्हणाले, "मामा, तुम्ही सकाळी येता का?"

मी हो म्हणालो.

ते म्हणाले, "मी दुपारी येतो."

विमान कसे उडते ते मला तेव्हा कळले. आठवड्याची अवघड कामे ते रविवारी निम्मी करून ठेवत आणि बाकीचे दिवस सुसाट दिसत. त्यांच्या त्या वेगावरून सगळ्यांचे वेळ कमी झाले होते. ते वेळ गाठायला मी रविवारी येत होतो. हे दोघांच्याही लक्षात आले. 

त्यांनी डबा बाकावर ठेवला आणि विचारले, "काय अडलंय?" मी बोल्ट दाखवला. ते म्हणाले, "बॅटरी धरा." मी बॅटरीचा झोत बोल्टवर धरला. त्यांनी तुकड्याला मधोमध भोक पाडले, मी तुटका बोल्ट आतून पकडणारा उलट्या आट्यांचा पाना दिला, आणि दोघांनी मिळून सावकाश फिरवत तो बाहेर काढला. घाई कोणी केली नाही. ते म्हणाले, "तुम्हीच शिकवलंत हे." मी म्हणालो, "शिकवलं तेव्हा तासावर होतो." त्यावर आम्ही दोघे हसलो. दीड वर्षात आम्ही एका गाडीवर काम केलेले ते पहिलेच. माझ्या मनात असेही आले की त्यांना घरी जायला सांगावे, बाळ वाट बघत असेल. मी सांगितले नाही. मला ते तिथे हवे होते.

तेवढ्यात पुढच्या शटरवर पहारेकऱ्याने काठी आपटली आणि आत कोण आहे असे ओरडून विचारले. पहारेकरी नवा आहे, तो आम्हाला ओळखत नाही. मी जावयांना म्हणालो, "तुम्ही मागून जा." ते म्हणाले, "आणि तुम्ही?" मी म्हणालो, "माझं काय, माझी नोकरी आता कितीशी उरली? तुमच्या घरी लेकरू आहे." ते तरीही उभे राहिले. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरेतुरे केले. मी म्हणालो, "जा म्हटलं ना तुला." ते गेले. पहारेकऱ्याने खिडकीतून दोन माणसे पाहिल्याचे सांगितले आहे, ते बरोबर आहे.

थोड्या वेळाने मॅनेजर घरच्या चपलांवरच आले. सोबत हवालदार होते. मॅनेजर म्हणाले, "काका, तुम्ही? इथे काय करताय?" गाडी लिफ्टवर होती आणि नवा पंप खोक्यासकट माझ्या हातात होता. मी म्हणालो, "पंप नेत होतो. विकायला." ते म्हणाले, "खरं सांगा." मी म्हणालो, "खरंच सांगतोय."

मला काम वेळेत जमत नाही म्हणून मी चोरून येऊन फुकट काम करतो, हे वाक्य मला त्यांच्यासमोर बोलता आले नाही. चोर म्हटले की लोक पुढचे विचारत नाहीत. चोराचा हात जलद आहे का, असे कोणी विचारत नाही. मला चोरी सोपी वाटली. जावयांना वाचवायला बोललो असे मी काल रात्री स्वतःला समजावले, पण ते पूर्ण खरे नाही. त्यांचे नाव न घेताही खरे सांगता आले असते.

ठाण्यातून समज देऊन मला सोडले व आज सकाळी हजर राहण्यास सांगितले. पत्नी न्यायला आली होती.  घरी तिने ताट वाढले, समोर बसली आणि विचारले, "तो पंप तुम्ही कुणाला विकणार होतात?"

मी ताटातली भाकरी मोडू लागलो.

ती म्हणाली, "चोराला एवढं तरी माहीत असतं." मग ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी तिला काहीच सांगितले नाही. ती सगळे समजली असावी, कारण रविवारच्या जास्त पैशांचे जिला ती सांगायची ती शेजारीण सकाळी आली तेव्हा तिने दार अर्धेच उघडले.

आज मी ठाण्यात आलो तेव्हा जावई आधीच बाकावर बसले होते. ते म्हणाले, "मामा, मी सगळं सांगितलंय. आता तुम्ही वेगळं सांगितलंत तर दोघांतला एक खोटा ठरेल." मी विचारले, "मुलीला?" ते म्हणाले, "तिला काल रात्रीच सांगितलं. ती म्हणाली, यापेक्षा मला वाटत होतं तसं खेळायला गेला असतात तर बरं होतं."

मॅनेजरनाही बोलावले होते. जावयांनी माझ्यासमोर त्यांना सांगितले की, ते बाळ झाल्यापासून जवळजवळ प्रत्येक रविवारी येत होते. मॅनेजरनी विचारले, "मग तो तुमचा वेग?" जावई म्हणाले, "त्यात रविवार धरलेले नाहीत." मॅनेजर खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "मी तुमच्यावरून सगळ्यांचे वेळ कमी केले." तिघांपैकी कोणीही कोणाकडे पाहत नव्हते. हवालदार बाईंनी पंखा वाढवला.

मॅनेजरनी चोरीची तक्रार मागे घेतली असून तसे लिहून दिले आहे. कामाचे वेळ पूर्ववत करण्याविषयी मालकांशी बोलतो, असे ते म्हणाले. शब्द दिला नाही. सुट्टीच्या दिवशी आत शिरल्याबद्दल आम्हा दोघांवर कारवाई होईल, ती मला मान्य आहे. मला परत तासावर घेता येईल का, असे मी त्यांना विचारले. हे मी जावयांच्या देखत विचारले. मॅनेजर म्हणाले, "घेता येईल." जावई खिडकीबाहेर बघत होते. मग ते म्हणाले, "दोघांना घेता येईल का?" त्याचे उत्तर मॅनेजरनी अजून दिलेले नाही.

शिक्षक बाईंची गाडी आज मिळू शकली नाही, त्याबद्दल त्यांना कळवावे ही विनंती. पंप बसवायचा राहिला आहे. बोल्ट निघाला आहे, त्यामुळे फार वेळ लागणार नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. कालचे बोलणे मी स्वखुशीने मागे घेत आहे.

वरील मजकूर हवालदार बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम असून त्यात काही खोडायचे नाही. वाचायच्या आधी बाईंनी जावयांना बाहेर पाठवू का असे विचारले. मी म्हणालो, बसू द्या. ते शेवटपर्यंत बसून होते.