नागूबाईचं बेक्कू

माझ्या धाकट्या नातीचं लग्न झालं, ते साल २०२४. त्या हिवाळ्यात उमरग्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नागूबाईंचे यजमान, माकणीचे गुंडाप्पा आणि त्यांच्या शेजारीण रजियाबी बसले होते.

"लई वाळलात, गुंडाप्पा," रजियाबी म्हणाल्या.

"माझं सोडा. नागूबाई गेल्यापासून मांजर धड खात न्हाय. दुधात भाकर कुस्करतो, माऊ माऊ म्हणतो. वळूनबी बघत न्हाय."

"त्याला माऊ कुठं कळतंय! नागूबाई कानडी मुलखातली. चिमणीला गुब्बी म्हणायची, मांजराला बेक्कू. म्या बिल्ली म्हणलं की मलाच हसायची."

"म्या जलमभर म्हणलो, मराठीत बोल. माणसांशी बोलली. जनावरांशी न्हाय."

"मग तुमीच बेक्कू म्हणा की! लाजता काय या वयात?"

"परवा म्हणलो."

"आलं का?"

"पळत आलं. माझ्याकडं बघितलंबी न्हाय. चुलीपाशी गेलं, न्हाणीत गेलं, परसात गेलं. सगळीकडं तिला हुडकलं अन् उंबऱ्यात बसून वरडत ऱ्हायलं."

"या अल्ला."

"आता हाकच मारत न्हाय. वाटी ठिवतो अन् आमी दोघंबी गप बसतो."

नागूबाई त्याच वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारल्या होत्या.