आलीच्या मुळीचा लाल

मंगरूळपीरला मोटारीची वाट पाहत शिखरचंद कापडवाल्याची बायको भंवरीबाई तोंडावर पदर ओढून बसली होती. अंगावर नवऱ्याच्याच दुकानातलं लाल लुगडं. पाठीमागे एक कुणबीण सुलतानबी रंगारणीशी भांडत होती.

"ओल्या लुगड्यात इळा गुंडाळला, तं हा काळा डाग! खोटा रंग देल्ला तुनं मले."

"अवं, हाच तं खऱ्याचा सबूत! आमी कपडा आदी हिरड्याच्या पान्यात भिजवतो, मंग आलीच्या झाडाच्या मुळीचा लाल रंग चढवतो. ओल्या हिरड्याले लोखंड लागलं का काळं पडतेच."

"दुकानच्या लालाले नाई पडत."

"इलायती पुडीच्या रंगात हिरडा कुठून येईन?"

"शिखरचंद शेट तं आलीचाच म्हून शपथ खाते."

"शपथ माणूस खाते, बाई. लोखंड नाई खात."

भंवरीबाईने पदराची गाठ सोडली. सकाळी विहिरीवर पदर चिंब भिजला होता, अन् लोखंडी किल्ल्या तेव्हापासून त्यातच होत्या. पदर लालचुटूक. एक ठिपका नाही.

मोटार आली. भंवरीबाई उठली आणि किल्ल्या मुठीत घेऊन तरातरा दुकानाकडे निघाली.