सदतीस नंबरचा सदरा

…नाही, बसा हो, तुम्ही तरी बसा, इथे माझं कोणी ऐकूनच घेत नाही! शाळेच्या वसतिगृहात इतकी वर्षं धुणं सांभाळलं, पण कोणी विचारेल तर शपथ. तुम्हाला सांगते, पोरांच्या कॉलरीत लाल दोऱ्याने नंबर घातलेला असतो. मैदानावरचा चिखल, खिशात फुटलेली शाई, बाहीला पुसलेलं नाक, सगळं पोतं भरून माझ्याकडे. धुवायचं, वाळवायचं, इस्त्री करून ज्याच्या त्याच्या खणात ठेवायचं. पोराचं तोंड मला विचारू नका, कॉलर विचारा. मी आपली कपड्यांची बाई, मला काय करायचंय!

आता हा सदतीस नंबर. सदतीस नंबरचा मुलगाच नाही हो शाळेत! खाट रिकामी, खण रिकामा… पण धुण्यात सदरा येतोच. आणि येतो तोही मळून, कोपराला गवताचे डाग, म्हणजे स्वारी मनसोक्त खेळून आलेली. सकाळी धुतलेला खणात ठेवला की दुपारी खण रिकामा. माझ्या आधीच्या मावशी किल्ल्या देताना म्हणाल्या होत्या, "सदतीस कोणाचा, विचारू नकोस. धू आणि ठेव." म्हटलं, ठेवते. माझं काय जातंय, साबण शाळेचा!

मग भर वर्षात एक पोरगा आला. काय बोलका, काय बोलका… सगळे त्याला टकळीच म्हणायचे. माझ्या धुण्याच्या खोलीत पोत्यावर बसून घरचं मांजर कसं चालतं, बाबा कसे घोरतात, घुर्र फुस्स, सगळं करून दाखवायचा. रेक्टर सर त्यांच्या त्या नाकातल्या आवाजात म्हणाले, "मावशीऽ, याला नंबर घालाऽ." आता नवा नंबर म्हणजे सरांची सही, मग सुतार, मग नवा खण, आणि इथे सदतीसचा खण आयता रिकामा! कंटाळा केला, दुसरं काय. घातला सदतीस.

झालं. धुण्यात सदतीसचे दोन सदरे यायला लागले. इकडे आचारी टकळीला वाढायला विसरायला लागला. पोर हात वर करून ताटकळायचं, मास्तर दुसऱ्यालाच विचारायचे. खेळात चेंडू कोणी देईना. आणि धुण्यात बघते तर एक सदरा कोरा करकरीत, अंगावर चढलाच नाही असा, आणि दुसऱ्यावर रश्श्याचा ताजा डाग. म्हणजे आचारी सदतीसला वाढत होता हो… याला नव्हता वाढत!

रविवारी टकळीची आई भेटायला आली. पोर पुढ्यात उभं, आणि ती माउली त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारते, "आमचा कुठे दिसत नाही तो?" टकळी माझ्याकडे पोत्यावर येऊन बसला. मांजर नाही, घोरणं नाही. एवढंच विचारलं, "मावशी, मी तुम्हाला दिसतो ना?"

धावत गेले रेक्टर सरांकडे. म्हटलं, टकळीला नवा नंबर द्या. तर म्हणतात, "कोणता मुलगाऽ?" घ्या! ज्यांची सही लागते त्यांना पोरगाच दिसेना! सगळे नंबर भरलेले. उरला कोणता? माझ्या एप्रनच्या खिशावरचा. शाळेचं कापड, शाळेचा नंबर, मलाही होताच की. उसवला, आणि बसल्या जागी टकळीच्या कॉलरीत घातला. टाका सरळ आला.

पुढच्या रविवारी आईने त्याला फाटकातच पोटाशी धरलं, किती वाळलास रे म्हणाली, आणि याची टकळी जी सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

फक्त तेव्हापासून मला चहा येत नाही. रेक्टर सर म्हणाले म्हणे, धुण्याला कोणी बाईच नाही, आणि एक नवी आणून ठेवली. टकळी आता तिला मांजर करून दाखवतो. मी समोरच उभी असते… असो, पोर हसतंय ना. काल तिच्या हाताला बिननंबरी एप्रन लागला. म्हणते, हा कोणाचा? मी म्हटलं, विचारू नकोस गं, धू आणि ठेव. ऐकतेय कुठली!

तुम्ही मात्र छान ऐकता हो. आणि हा बघा, पुढे येऊन बसलाय तो सदतीस. इतकी वर्षं नुसती कॉलर ओळखीची, आता तोंड दिसलं, गोड आहे पोरगा. अरे, नाक पूस. बाहीला नको… बाहीला नको म्हटलं ना… पुसलंस? पूस बाबा. धुवेल ती नवी. ती आपली कपड्यांची बाई, तिला काय करायचंय!