पास्त्याचं पाणी

पास्ता म्हटलं की मला इटलीतली ती सकाळ आठवते. नर्सिंगच्या प्रशिक्षणाला गेले होते, सुट्टीच्या दिवशी पास्ता शिकवणाऱ्या एका आजींकडे गेले. कणीक मळली, पट्ट्या कापल्या, मोठ्या पातेल्यात उकडल्या. आजी ते पाणी सिंकमध्ये ओतायला लागल्या, तसा नकळत मी त्यांचा हात धरला.

"काय झालं?" त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"आमच्या गावी, सूर्यमाळला, उन्हाळ्यात विहीर आटते. एवढ्याच पाण्यासाठी माझी बहीण आत उतरली होती. पाय घसरून दगडावर आपटली. तिथंच गेली."

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "मग ती विहीर बुजवली?"

"नाही. बहिणीला वर काढलं आणि तेच पाणी प्यालो. दुसरं नव्हतंच."