सरकारी नारू

देवाशपथ सांगतो, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे त्या दिवशी मी तेलगावला गेलतो, पण पाहिल्यासारखंच समजा.

विहिरीच्या पाण्यातून होणाऱ्या नारूचा अभ्यास करायला निजाम सरकारनं एक डॉक्टर आमच्या चौसाळ्याला धाडला होता. माझ्या सखाकाकांच्या पायातून नारूचा किडा अर्धा बाहेर आलेला. रोज थोडा थोडा ओढून काका तो काडीला गुंडाळत होते. मधेच तुटला की पाय सुजतो, आणि पेरणी तर तोंडावर आलेली.

डॉक्टर बाटली काढून म्हणाला, "आहे तेवढा कापून द्या. हैदराबादला तपासायचाय. सरकारी हुकूम आहे."

काका म्हणाले, "म्हंजी किडा सरकारी?"

"हो."

"मग तो ज्यात ऱ्हातो त्यो पाय बी सरकारी." असं म्हणून काका लंगडत गेले आणि डॉक्टरच्या बैलगाडीत आडवे झाले. "चला हैदराबादला. माझ्या पेरणीला तेवढा माणूस धाडा."

त्यांचं पाहून गावातले सगळे नारूवाले गाडीत चढले. बैल जागचे हलेनात.

"उतरा," डॉक्टर म्हणाला.

"कावून? हुकूम तुमचाच हाय."

शेवटी डॉक्टर चावडीत मुक्काम ठोकून बसला. किडा अख्खा निघाला, तेव्हाच काकांनी तो बाटलीत टाकला आणि पेरणीला तिफण जुंपली.

पुढच्या वर्षी तोच डॉक्टर पायाला काडी बांधून काकांच्या दारात आला, असं मी सगळ्यांना सांगतो. तेवढं मात्र पदरचं. लबाड आमच्या विहिरीचं पाणी उकळून प्यायचा.