तात्यांनी पालक म्हणून केलेली सही

मुरबाडकर मंडळी, शहापूरहून उन्हातून आलेल्या माझ्या बायाबापड्यांनो,

गोपाळतात्यांबद्दल आज या शोकसभेत सगळेच चांगलं बोलले. त्यांच्याबद्दल वाईट पहिल्यांदा कोण बोललं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ते मी सांगतो.

तात्या म्हणजे टपाल वाटणारा माणूस. शिक्षण चार इयत्ता. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी एकच धंदा धरला. आपल्या भागातलं पोरगं मॅट्रिक झालं, की त्याला मुंबईला कॉलेजात घालायचं, परळला चाळीत खोली बघून द्यायची, फी माफ व्हावी म्हणून नादारीचा अर्ज घेऊन फिरायचं. आमच्या खोलीत मी कुणब्याचा, काशिनाथ महारवाड्यातला, हुसेन मुसलमानाचा. चूल एकच.

बाप मला म्हणाला होता, "फुकट कोन करतं रे? हा तुला पलटणीत विकंल बघ." आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं. पहिल्या दिवशी तात्या वर्गाच्या दारापर्यंत आले. म्हणाले, "फुडल्या बाकावर बस. इंग्रजी समाजलं नाय तरी मान खाली घालू नको." मला त्यातही डाव दिसला. तीन जातींची पोरं एकत्र का ठेवली? दर महिन्याला येऊन एवढं काय विचारतात? कुणाला जाऊन सांगतात?

मग बेचाळीस साल आलं. एका दुपारी मी तात्यांना पोलीस चौकीतून बाहेर पडताना पाहिलं. चार दिवसांनी आमच्या खोलीवर झडती आली, चळवळीची पत्रकं सापडली, काशिनाथला नेलं. आणखी काय पुरावा पाहिजे होता?

पुढच्या रविवारी तात्या आले. हातात तांदळाच्या भाकऱ्यांचं फडकं. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, "खबऱ्याला इथं जागा नाही." हुसेन मागून म्हणाला, "अरे, त्यांना बोलू तरी दे." मी दिलं नाही. तात्यांनी फडकं उंबऱ्यावर ठेवलं आणि जिना उतरले. मी तेवढ्यावर थांबलो नाही. गावोगाव पत्रं धाडली, या माणसापासून सावध राहा.

काशिनाथ सुटला. चळवळीत बंद पडलेलं कॉलेज पुन्हा उघडलं. आम्ही भीत भीत कारकुनापुढे उभे. नावं तर कापली असणार. कारकून म्हणाला, "कॉलेजनं तुमच्या वर्तनाचा चौकीचा दाखला मागितला होता, नाहीतर नादारी बंद. तुमचा म्हातारा त्यासाठी चौकीत खेटे घालत होता. पोरं गरीब आहेत, त्यांना राजकारण कळत नाही, असं फौजदाराला सांगून आला. काशिनाथ आत असतानासुद्धा त्याची हमी देऊन गेला." कागद त्याने पुढे सरकवले. तिन्ही कागदांवर पालक म्हणून एकच वेडीवाकडी सही.

मी मुरबाडला आलो, पाय धरले. तात्या म्हणाले, "संशय आला त्याचं काय नाय. पर मला इचारायचं तरी रे."

"तुम्ही का करता हे सगळं?" तेव्हा कुठे मी विचारलं.

"पास झाल्याची टपालं मीच वाटली. दुसऱ्या साली तीच पोरं रानात मोळ्या बांधताना दिसायची. मला बघवंना."

मंडळी, मला माफी मिळाली. पण माझी पत्रं पोचली होती. त्या साली तात्या दारोदार फिरले आणि तुम्ही दारं लावून घेतलीत. हो, तुम्हीच. लावायला मी शिकवलं. त्या साली मॅट्रिक झालेली पोरं आज तुमच्यातच बसली आहेत. कॉलेजचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नाही.

येत्या जूनला तिघं जायची आहेत. त्यात सरळगावच्या बाजूची एक मुलगी आहे. त्यांच्या अर्जावर मी सही करणार. माझ्यावर खुशाल संशय घ्या. माझ्याबरोबर मुंबईला चला, खोली बघा, कॉलेज बघा, पाहिजे ते विचारा. फक्त पोरं घरात ठेवू नका.

तात्या, तुम्हाला माझा नमस्कार पोचो. आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.