टाकीतला गाईचा घास

माशांची टाकी घेताय ना राव? मग छोट्या टाकीत गोल्डफिश नका सोडू. मला नारायणगावच्या दुकानदारानं आधीच सांगितलं व्हतं, "भाऊ, नवीन हाय तुमी, चार गप्पी मासे न्या. चिवट असत्यात. दिवसाला चिमूटभर खाणं, बास."

आईचे गुडघे धरले म्हणून तिची गाय विकली, तवापासून ती गावाकडं बोरीला एकटीच रिकाम्या गोठ्याकडं बघत बसायची. म्हणून टाकी नेऊन ठेवली. आठ दिवसांनी गेलो, तर पाणी दुधासारखं गढूळ, चारी गप्पी मेलेले आन् तळाला भाकरीचे तुकडे.

मी लई तडकलो. "आई, भाकरी टाकू नको म्हणलं व्हतं ना?"

"जेवायच्या आधी गाईचा घास काढती रं मी," ती म्हणली. "गाय न्हाई, मग घालू कुणाला?"

नवे गप्पी आणले. पुन्हा तेच. वर्षभर पाणी बदलत तिच्यावर खेकसत राहिलो.

आता टाकी माझ्या खोलीवर हाय. आईला जाऊन सहा महिने झाले. पाणी इतकं नितळ असतं राव, की बघवत न्हाई.